उंबरा भिंतीवर टांगत नाहीत

मी पाचवीत शाळा सोडली. धाकटा भाऊ झाला आणि त्याला सांभाळायला घरात कोणी नव्हतं, तेव्हा शाळेनेच मला सोडलं म्हणा. त्यामुळे लग्न होऊन सोलापुरात आल्यावर मला एका संग्रहालयात काम लागलं, तेव्हा सुरुवातीचे कितीतरी महिने मी घाबरलेलीच असे. आतल्या प्रत्येक वस्तूखाली एक कार्ड, कार्डावर जाडजाड शब्द. कुणी मला त्यातल्या एखाद्याचा अर्थ विचारला तर? तसं कधी कुणी विचारलं नाही. झाडायचं, माठ भरायचा, कपाटांच्या काचा पुसायच्या आणि किल्ल्या सांभाळायच्या, एवढंच माझं काम. तरी संध्याकाळी कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत गेले की मी परत येऊन ते ओढून बघायची. समोरचा पानवाला म्हणायचा, "वहिनी, कुलूप पळून जात नाही. तुमीच पळताय."

हे काम मला मास्तरांनी दिलं. ते इतिहासाचे निवृत्त शिक्षक, आणि आता म्युझियमचे सगळं काही. एकदा त्यांच्या सायकलची चेन रस्त्यात तुटली आणि माझ्या नवऱ्याने, तो गिरणीत कामाला होता, सायकल खांद्यावर घालून त्यांच्या घरी पोचवली. तेवढ्या ओळखीवर त्यांनी मला विचारलं, "घरी बसून काय करता?" मी म्हटलं, "समुद्र आठवते." दुसऱ्या दिवशी त्यांनी मला केरसुणी दिली. हे उपकार मी अजून मोजते.

खरंच आठवायची मी समुद्र. रत्नागिरीकडचं खाडीकाठचं गाव माझं. सोलापुरात आले तर सगळीकडे कोरडं ऊन, कडक भाकरी आणि नळाला पाणी कधी येईल याची चर्चा. माशांची चर्चा करणारं कोणी नाही.

म्युझियम म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत टेबल, खुर्च्या आणि माठ. आतल्या खोलीत शेतात सापडलेल्या नाक तुटलेल्या मूर्ती, नाणी, एक तलवार आणि धान्य मोजायची जुनी पितळी मापं. दोन्हींच्या मधे नुसती चौकट होती, दार केव्हाच गेलेलं. दिवसाला चार माणसं यायची, त्यातली दोन सावलीसाठी.

मग मास्तरांच्या डोक्यात आलं की हे अख्खं शहरच कुठून कुठून आलेलं आहे. विणकर तेलंगणातून आलेले, कापडवाले सिंधी फाळणीत आलेले, दुष्काळात गावंच्या गावं आलेली. दर रविवारी दुपारी लोकांनी यावं, आपली एक वस्तू आणावी आणि आपण कुठून, कसे आलो ते सांगावं. त्यांनी फळ्यावर लिहून फळा बाहेर लावला. रविवारी मी खुर्च्या मांडल्या. शेजारच्या गल्लीतली विणकराची अक्का आली, कापडवाले सिंधी काका आले, अजून पाचसहा जण आले. मास्तर म्हणाले, "बोला." सगळे एकमेकांकडे बघत बसले. काका म्हणाले, "मास्तर, पंखा जरा जोरात करा." पहिल्या रविवारी एवढंच बोलणं झालं. पुढच्या रविवारी तेवढंही नाही, कारण वीज गेली होती.

मास्तर उदास झाले. मी त्यांच्याहून जास्त, कारण ही बैठक बंद पडली तर म्युझियम बंद पडेल आणि म्युझियम बंद पडलं तर माझी केरसुणी जाईल, असं मी मनात ओळीने लावून ठेवलं होतं.

आणि मग मावशी आल्या, हातगाडीवर उंबरा घालून.

मावशी टेंभुर्णीच्या पलीकडच्या, भीमेकाठच्या. त्यांचं गाव धरणाच्या पाण्यात गेलं. सरकारने दुसरीकडे जागा दिली, तिथे पत्र्याची शेड. मुलगा कंटाळून सोलापुरात गिरणीत लागला आणि आईला घेऊन आला. घर मोडताना तुळया विकल्या, दारं विकली, पण उंबरा मावशींनी विकू दिला नाही. सागाचा, चांगला रुंद, मधे कोरलेलं कमळ झिजून बटाट्यासारखं झालेलं. चाळीतल्या खोलीत तो बसणार कुठे? म्हणून तो संडासाच्या बोळात भिंतीला उभा करून ठेवला होता आणि पोरं त्याच्यावर चढून उड्या मारत.

"उंबऱ्यावर हुबं ऱ्हात न्हाईत, आन ही पोरं त्याच्यावर नाचत्यात," मावशी मास्तरांना म्हणाल्या. "तुमी जुनं सांभाळतासा म्हनं. सांभाळा."

मास्तरांना कोण आनंद झाला. त्यांनी उंबरा पुसून टेबलावर ठेवला, बाजूला कार्ड ठेवलं. मावशींनी कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघितलं.

"मेजावर उंबरा?" त्या म्हणाल्या. "मग चुलीवर पाळना बांधा की."

"मावशी, इथे तो सुरक्षित राहील."

"सुरक्षित ऱ्हाऊन त्यानं काय करायचं? त्याच्यावरनं मानसं याला पायजेत. ठेवायचा तर दारात ठेवा, न्हाईतर मी घिऊन जाते."

कुठे घेऊन जाणार होत्या, ते त्यांनाही ठाऊक होतं आणि मास्तरांनाही. बोळात. मास्तरांनी दोन खोल्यांमधली ती उघडी चौकट बघितली, उंबरा बघितला. मावशींच्या मुलाने तो तिथे नेऊन लावला. बोटभर कमी पडला, तिथे मी विटेचा तुकडा ठोकला. मावशी खाली वाकल्या, दोन बोटांनी हळद लावली आणि शेजारी भिंतीला टेकून बसल्या. मग आम्हाला सगळ्यांना म्हणाल्या, "या आता."

त्या रविवारी सिंधी काका नेहमीसारखे पंख्याखालची खुर्ची शोधत आले. मावशींनी त्यांना उंबऱ्यावरून आत घेतलं, हातावर गुळाचा खडा ठेवला, तांब्या पुढे केला.

"कुटनं आलासा?"

"बाजारातून. दुकानातून आलो."

"त्याच्या आदी?"

"आधी? आधी कल्याणला होतो. कॅम्पात."

"त्याच्या आदी?"

काकांनी गूळ तोंडात फिरवला. मग ते खाली बसले, चक्क जमिनीवर, आणि बोलायला लागले. कराचीच्या बंदरावर गर्दीत त्यांच्या बापाने आपली ट्रंक म्हणून दुसऱ्याचीच उचलली. मुंबईला उतरल्यावर उघडली तर आत नुसते बायकांचे कपडे, आणि ते एवढे मोठे की एकेका झंपरात काका आणि त्यांचे दोन्ही भाऊ मावले असते. बापाने कपाळावर हात मारला. आईने मात्र कात्री मागून घेतली. एका झंपरात तीन पोरींचे फ्रॉक निघाले. ते विकले, त्यातून कापड घेतलं, त्यातून दुकान.

"म्हणजे आम्ही आज जे खातो ते त्या जाड्या बाईचं," काका म्हणाले. "मी अजून स्टेशनवर जाड बाई दिसली की बघतो. विचारायचं आहे, बाई, तुमची ट्रंक हरवली होती का?"

"आन तुमच्या ट्रंकंत काय हुतं?" मावशींनी विचारलं.

"पापड. आणि बापाच्या दोन टोप्या."

"मग ती बाई लई दिस पापड खात बसली आसंल," मावशी म्हणाल्या. काका एवढे हसले की डोळे पुसायला लागले, आणि पुसतच राहिले. मी तांब्या परत भरून आणला.

त्यानंतर फळ्याची गरज उरली नाही. अक्काने मागाची फणी आणली, ती तिच्या आजीने वाटेत डोक्यात खोचून आणली होती म्हणे, चोरांना वाटावं केसांचीच आहे. ती अर्धं तेलुगूत सांगायची, अर्धं मराठीत, आणि कळलं नाही की हातांनी विणून दाखवायची. सगळ्यांना मावशींचा एकच प्रश्न. कुटनं आलासा, आणि मग, त्याच्या आदी? लोक आधी हसायचे, मग थांबायचे, मग बसायचे. खुर्च्या मी मांडणं सोडून दिलं.

मावशींचे नियम कडक होते. उंबऱ्यावर बसायचं नाही. त्याच्यावर उभं राहून बोलायचं नाही, मास्तरांना नेमकी तीच सवय होती आणि त्यांना दर रविवारी ओरडा बसे, "आत तरी जावा, न्हाईतर भाईर तरी." शिंक आली तर मागे फिरून परत यायचं. ठेच लागली तर बसून घोटभर पाणी प्यायचं. भिंतीवर मास्तरांची पाटी होती, 'आत खाणेपिणे मना आहे'. मावशींना वाचता येत नव्हतं आणि मास्तर तेव्हा दुसरीकडे बघत.

घोळ झाला तो अध्यक्षांमुळे. म्युझियमच्या मंडळाचे अध्यक्ष गावातले मोठे वकील. ते रविवारी कधी येत नसत. एकदा आले, झपझप आत निघाले आणि अंगठा असा आपटला की नवीन चप्पल टेबलाखाली गेली.

"बसा," मावशी म्हणाल्या.

"नको, मला घाई..."

"ठेच लागलीया. बसा." त्यांनी त्यांना दंडाला धरून बसवलं, पाणी दिलं, गूळ दिला. "कुटनं आलासा?"

"मी इथलाच आहे."

"त्याच्या आदी?"

"आधी नाही काही. सात पिढ्या आम्ही सोलापूरचे."

मावशींनी त्यांच्याकडे फार कणवेने बघितलं. "आरं आरं," त्या म्हणाल्या. "कुटंच गेला न्हाईसा?"

मागे कुणीतरी खुदकलं. बहुतेक अक्का. वकीलसाहेब उठले, चप्पल मी काढून दिली, आणि दुसऱ्या दिवशी मास्तरांना निरोप आला. उंबरा चौकटीतून काढून भिंतीवर आकडे ठोकून लावावा. लोकांना लागतं, शिवाय हळदकुंकवाने लाकूड खराब होतं आहे, आणि जुनी वस्तू जपायची की तुडवायची, हे आपण ठरवायला हवं. सुतार पुढच्या सोमवारी येईल.

मला वाटतं यात ते अगदी चूक नव्हते. कमळाचा उरलासुरला बटाटाही झिजत चालला होता, रोज पुसणारी मीच होते. पण मावशींना मास्तरांनी सांगितलं तेव्हा त्यांचं तोंड बघवत नव्हतं.

"भिंतीवर?" त्या म्हणाल्या. "मग त्याच्यावरनं जानार कोन? पाली?"

मास्तर म्हणाले, "मावशी, मी बोलून बघितलं."

"माजं घर पान्याखाली हाय, मास्तर. तितं आता मासं येत्यात जात्यात. त्या घरात अजून मानूस येतंय ते ह्या येवढ्या लाकडावरनंच. ते टांगलं की सपलं." आणि थोड्या वेळाने, हळूच, "न्हाईतर बोळातच नेऊन ठिवते."

शेवटचा रविवार म्हणून त्या दिवशी गर्दी झाली. पण कुणाला बोलायचं सुचेना, अगदी पहिल्या रविवारसारखं. काकांनी पंख्याचं नाव काढलं. तेव्हा मावशी माझ्याकडे वळल्या.

"ए कोकणी. तू रोज हितं झाडतीस आन तुला कुनी इचारलंच न्हाई. कुटनं आलीस?"

मी म्हटलं, "मी काय, मी लग्न होऊन आले. त्यात काय सांगायचं?"

"त्याच्या आदी?"

सगळे बघत होते. मी पदराचं टोक पिळत एकच गोष्ट सांगितली, जी कुणाला सांगितली नव्हती. लग्न गावी झालं आणि वरात सोलापूरला, म्हणजे आम्ही दोघं आणि एसटी. आमच्या खोलीला उंबराच नव्हता. आतली फरशी तशीच बाहेर गेलेली. नवरीने माप ओलांडायचं कुठून? नवऱ्याच्या आत्याने खडूने जमिनीवर एक रेघ मारली आणि त्या रेघेवर तांदूळ भरलेलं भांडं ठेवलं. मी पाय लावला. भांडं आत पडायचं ते उलटं घरंगळलं, गॅलरीतून थेट नळापर्यंत गेलं, आणि चाळीतल्या कोंबड्यांनी तिथल्या तिथे माझं स्वागत खाऊन टाकलं. सगळे हसले. मीही हसले. पण तेव्हापासून दूध उतू गेलं, नवऱ्याची गिरणीतली पाळी बुडली, काहीही झालं की मला वाटायचं, मी नीट आत आलेलीच नाही, म्हणून.

मला वाटलं लोक हसतील. काका हसलेही, कोंबड्यांना. मावशी हसल्या नाहीत.

"मंजी तू अजून भाईरच हाईस," त्या म्हणाल्या.

मी मान हलवली.

"मास्तर," मावशी म्हणाल्या, "माप हाय?"

मास्तरांनी आतल्या खोलीतल्या कपाटाकडे बघितलं. मग त्यांनी माझ्यापुढे हात केला. "किल्ली द्या."

मी कमरेची किल्ली काढून दिली. ते कपाट कधी पाहुण्यांपुढे उघडलेलं मी बघितलं नव्हतं. मास्तरांनी त्यातलं जुनं पितळी माप काढलं, त्याखालचं कार्ड खिशात घातलं. काका दुकानाशेजारच्या किराणावाल्याकडून तांदूळ घेऊन आले. अक्काने स्वतःच्या डोक्यातला गजरा काढून मला माळला. आणि रात्रपाळी करून झोपलेल्या माझ्या नवऱ्याला काकांनी जाऊन उठवलं. "चल," त्याला म्हणाले, "तुझी बायको अजून बाहेरच आहे, तिला आत घ्यायची आहे." बिचारा काय समजला कोण जाणे, बनियनवर धावत आला.

"अगं काय झालं?"

"गप हुबा ऱ्हा हितं," मावशींनी त्याला उंबऱ्याच्या आत, मूर्तींच्या बाजूला उभं केलं. "कोकणी, नाव घे."

मी घेतलं. "कोकणचा नारळ, सोलापूरची चादर, अमुकरावांच्या घरात मिळतो मला आदर." अमुक काही म्हटलं नव्हतं, खरं नाव घेतलं होतं, ते इथे लिहीत नाही. आदर चादरीला जुळतो म्हणून आला. घरात तेव्हा ढेकूण जास्त होते.

"हळू," मास्तर म्हणाले. "जुनं आहे."

"जोरात," मावशी म्हणाल्या.

मी उजवा पाय लावला. तांदूळ आत सांडले, नाक तुटलेल्या देवांच्या पायापर्यंत गेले. मी उंबरा ओलांडून आत गेले आणि माझ्या नवऱ्याला, त्या म्युझियमच्या मधोमध, काय करावं कळेना म्हणून त्याने मला नमस्कार केला. सगळे हसले. यावेळी मी पोटभर हसले.

सोमवारी सुतार आला. वकीलसाहेबही आले, आपल्यासमोर काम व्हावं म्हणून. मावशी उंबऱ्याशेजारी बसल्याच होत्या.

"उंबरा न्हाय हलवायचा," त्या शांतपणे म्हणाल्या. "काल ह्याच्यावरनं नवी नवरी आत आलीया. तिची पयली दिवाळी व्हईस्तोवर ज्या उंबऱ्यावरनं ती आली तो काढत न्हाईत."

"असं कुठे असतं?" वकीलसाहेब म्हणाले.

"आमच्याकडं असतंय."

"मी तर कधी ऐकलं नाही."

"बाप्यांना कोन सांगतंय? आईला इचारा."

सुताराने तोवर आकडे पिशवीत परत टाकले होते. "साहेब, पोरीबाळीचं काम हाय," तो म्हणाला. "तेवढं इचारून घ्या की." वकीलसाहेबांची आई फार करारी आहे हे सगळ्या गावाला माहीत होतं. ते तसेच घरी गेले.

संध्याकाळी निरोप आला. दिवाळीपर्यंत राहू द्या. आई म्हणाल्या, असंच असतं.

निरोप्या गेल्यावर मी मावशींना विचारलं, कारण मला रात्रभर झोप लागली नसती. "मावशी, तुमच्या गावात खरंच अशी रीत होती?"

मावशी हळदीची पुडी बांधत होत्या. "न्हवती असं म्हनायला तरी कोन हाय?" त्या म्हणाल्या. "गाव पान्यात हाय की."

पुढच्या रविवारी वकीलसाहेबांची आई स्वतः आली. रिक्षातून उतरली, काठी टेकत, इरकली नेसलेली. उंबऱ्याशी थांबली, वाकून हात लावून तो कपाळाला लावला, उजवा पाय आत टाकला. दिवाळीची ती रीत आपल्याला कुठून माहीत, हे ती कुणाला सांगत बसली नाही आणि मावशींनीही विचारलं नाही. त्यांनी नेहमीचंच विचारलं.

"कुटनं आलासा?"

"इथलीच की हो. सात पिढ्या इथलंच घर आमचं."

"त्याच्या आदी?"

बाईंनी गूळ तोंडात टाकला. काठी भिंतीला लावली. "त्याच्या आधी," ती म्हणाली, "विजापूरच्या पलीकडे माझं माहेर. मला इथे आणलं तेव्हा मराठीचा एक शब्द येत नव्हता. सासू पाणी आण म्हणायची आणि मी रडायची." मग ती कन्नडमध्येच सांगायला लागली. निम्म्यांना कळत होतं, निम्म्यांना नाही, आणि कुणी उठलं नाही.

उंबरा दिवाळीपर्यंत राहिला. सुतार परत यायच्या आत तुळशीचं लग्न लागलं, पाठोपाठ अक्काच्या मुलाचं, आणि तिने सून आधी म्युझियमात आणली, मग घरी. म्हणजे आणखी एक दिवाळी. पुढे चाळीतलं कुणी, मग काकांची पुतणसून, जिला हे सगळं समजावून सांगता सांगता मावशींचा गूळ संपला. पितळी मापाखालचं कार्ड मास्तरांनी परत कधी लावलं नाही. माप दर वेळी धुऊन ठेवायचं काम माझं.

गणपती उठले की मास्तर काचा पुसणाऱ्या माझ्याजवळ येऊन उभे राहत. इकडेतिकडे बघत. मग हळूच विचारत, "यंदा दिवाळीनंतर कुणाचं लग्न आहे का हो, तुमच्या चाळीत?"

"मास्तर," आतून मावशींचा आवाज येई, "उंबऱ्यावर हुबं ऱ्हाऊन इचारू नका."